पहिला कप

उमरग्यात अंबादासकाकांच्या फोटो स्टुडिओत चहा आला की पहिला कप शंतनूचा, हे ठरलेलं होतं. लग्नांचे फोटो दुसऱ्या डिस्कवर हातानं उतरवायचं किचकट काम तोच करायचा. "काका, हे आपोआप होत न्हाय," असं तो छातीठोक सांगायचा. त्यानं एकदा हे काम आपोआप करणारी बॅच फाइल लिहून पाहिली होती, पण फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की कॉम्प्युटर एका नावाची दोन नावं समजून अडायचा.

नव्यानं कामाला लागलेल्या यास्मिननं त्याच फाइलमध्ये फोल्डरच्या पत्त्याला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावली आणि 'जळकोट लग्न' नावाचं अख्खं फोल्डर एका क्लिकमध्ये उतरलं. त्या दिवसापासून पहिला कप तिच्याकडं जायला लागला. शंतनूचा नुसता जळफळाट व्हायचा. तिला एवढं डोक्यावर घ्यायला तिनं केलं काय, तर दोन चिन्हं टाकली. एका संध्याकाळी ती घरी गेल्यावर त्यानं फाइल उघडून ती चिन्हं खोडून टाकली.

सकाळी पडद्यावर एरर आला. यास्मिन वाचायला वाकली तेवढ्यात काका म्हणाले, "शंतनू, तू बघ जरा."

तो ऐटीत खुर्चीवर बसला, एरर बंद केला, फाइल उघडली आणि चिन्हं जागच्या जागी टाकली. फोटो भराभर उतरू लागले.

"लई तयार गडी," म्हणत काकांनी पहिला कप त्याच्यापुढं ठेवला.

यास्मिन हळूच म्हणाली, "दादा, एरर वाचायचा तरी होता."