शालीखालचा जीव

फिदेलियामावशीच्या भरतकामाच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. डोंगरावरच्या एल आल्तो शहरातल्या त्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया जमल्या होत्या, टोप्या सावरत, एकमेकींचे घागरे तुडवत. मधोमध टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्याच्यावर पांघरलेली लिस्बेतची शाल. लिस्बेत मावशीची एकुलती पोरगी. गेल्या थंडीत छातीच्या दुखण्यानं गेली. तिची गाणी याच कॉम्प्युटरात होती, ती परवापासून उघडत नव्हती.

"डोळे मिटा!" ताता सेवेरो गरजला. बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणि पळालेले जीव परत बोलावणाराही हाच. "दचकलं की माणसाचा अहायू, म्हणजे जीव, अंग सोडून पळतो की नाही? तसंच झालंय. लिस्बेतचा अहायू या यंत्रात होता. आता तिच्या कपड्याच्या वासावर परत येईल."

यंत्राच्या कानात सांगायचं म्हणून त्यानं शालीत डोकं घातलं. एका हातानं घंटा बडवायला लागला. "ये गं लिस्बेत! डोंगरावर थांबू नको, वाऱ्यात फिरू नको, आईकडं ये!"

घंटा थांबली, शाल निघाली. सकाळी यंत्रात फक्त भरतकामाच्या मशीनची जुनी सिस्टीम उघडत होती. आता पडद्यावर दोन सिस्टीमची नावं होती. ताता सेवेरोनं दुसरं दाबलं, आणि लिस्बेतचा आवाज आला. गाणं म्हणता म्हणता मध्येच हसून ओरडलेली, "आई, सूप उतू चाललंय बघ!"

बाया हमसून रडायला लागल्या. मावशी तर पडद्याचे मुके घेत सुटली.

मावशीची भाची नेल्वा मात्र भिंतीला टेकून दात-ओठ खात होती. डोळे मिटा म्हटलं की हिचे टक्क उघडायचे. याच खोडीपायी शाळा सुटलेली. घंटा एकाच हातात आहे हे तिनं पाहिलं होतं. शालीच्या विणीतून पांढरी अक्षरं सरकताना पाहिली होती. आणि आता ताता सेवेरोची मूठ खिशाकडं चालली होती.

तिनं झडप घालून मनगट धरलं. मुठीतून पेनड्राइव्ह पडला.

"हे काय ताता? अहायूचा दात पडला वाटतं!"

"कार्टे, देवाच्या कामात—"

"देव मधे आणू नका! मावशी, तुझं भरतकामाचं मशीन जुन्या सिस्टीमवरच चालतं, म्हणून यांनी परवा ती पुन्हा घातली ना? जुनी सिस्टीम आत शिरली की स्वतःला एकटीच समजते. दारावरची पाटी पुसते आणि आपलंच नाव लिहिते. लिस्बेतची दुसरी खोली आत तशीच असते गं! पेनड्राइव्हनं पाटी परत लिहिली, एवढंच. आणि घंटा कशाला? बटणांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून!"

तिनं सगळ्यांसमोर पाटी पुसली. दुसरं नाव गेलं. मग तोच पेनड्राइव्ह लावून परत लिहिली. नाव आलं. शाल नाही, घंटा नाही.

मग मागून एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "अगं बाई! पोरीच्या अंगातही शक्ती आहे!"

नेल्वानं कपाळावर हात मारला.

मावशीनं हळूच विचारलं, "म्हणजे ती आलीच नव्हती?"

"मावशी, तो तिचा आवाज आहे. साठवलेला. दुसरीकडं कुठंच नाही. मला आत्ता त्याची कॉपी करू दे."

"ताता म्हणालेत, कॉपी केली की अहायूचे दोन तुकडे होतात."

"अगं, आवाजाचे कसले तुकडे!"

"हात लावू नकोस!" मावशी किंचाळली. ताता सेवेरोनं जाता जाता शालीची घडी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "लिस्बेत भेदरलीय बिचारी. बाजाराच्या दिवशी यंत्र घेऊन या."

बाजाराच्या दिवशी नेल्वा उठायच्या आत मावशी यंत्र पाठीवर बांधून निघून गेली, तान्हं पोर बांधतात तसं. परत आली तेव्हा पडद्यावर एकच नाव होतं. नेल्वानं डिस्क उघडून पाहिली. पाटी पुसलेली नव्हती या वेळी. भिंतच पाडली होती. सगळी डिस्क रिकामी करून जुनी सिस्टीम या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. आत दुसरी खोलीच नव्हती.

"काय म्हणाला तो?"

"एकदा संशय घेतला की अहायू कायमचा जातो म्हणे." मावशीनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तू घालवलीस तिला."

गल्लीनंही तेच मानलं. ताता सेवेरोसमोर रांग आणखी वाढली. नेल्वा दारोदार सांगत फिरली. बायांनी ऐकून घेतलं, आणि तिला बंद पडलेले मोबाईल फुंकर घालायला दिले.

भरतकामाचं मशीन झकास चालतं. मावशी दिवसभर फुलं काढते. संध्याकाळी यंत्रावर शाल पांघरते, डोळे मिटते आणि हाका मारते. नेल्वा जवळ उभी राहते, डोळे उघडे ठेवून.

बाबांनो, पुसलेली पाटी पुन्हा लिहिता येते, पाडलेली खोली नाही. कुणी शाल पांघरून डोळे मिटायला सांगितलं तर मिटू नका. शाल उचला. आवाज अजून आत आहे तोवर उचला.