जावांमधली पंचफुला

नागपुरात तेव्हा मंदी होती, आणि नेमकी तेव्हाच गिरणीला माणसांचा मेळ मोजायची हौस आली. मधुकरराव नावाचे नवे साहेब दर सोमवारी सूतखात्यात येऊन उभे राहायचे. कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाच्या मदतीला धावतं, महिनोन्‌महिने हेच बघायचं. ज्या टोळीत मेळ नाही ती मोडणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. पंचफुला तेव्हापासून सोमवार मोजत होती.

तिच्या टोळीत दोघी जावा. थोरली जिजाबाई सुताच्या लडी काढायची, धाकटी देवकी त्यांचे गठ्ठे बांधायची. महालक्ष्म्या कुणाच्या घरी बसवायच्या यावरून दोघींचा अबोला, तोही वर्षानुवर्षांचा. लडी आणि निरोप, दोन्ही पंचफुलाच पोचवायची.

"त्या सटवीले सांग, गठ्ठे ढिले बांधून राहिली," जिजाबाई फणकारायची.

"देवकीबाई, थकल्या असान तर जरा दम घ्या म्हनते," पंचफुला जाऊन सांगायची.

नवऱ्यानं टाकलेली बाई ती. या दोघींच्या डब्यातला घास हेच तिचं घर. टोळी मोडली तर जायचं कुठं? शेवटी तिनं दोघींना वेगवेगळं गाठून एकच थाप मारली. "या साली महालक्ष्म्या तुमच्याच घरी बसवा म्हनते ती. रडून राहिली होती."

थाप अशी लागू पडली म्हणता! जिजाबाई तरातरा गेली. "काहून रडून राहिली वं देवके? तुह्याच घरी बसव!"

"नाही बाई, मान मोठीचाच," म्हणत देवकीनं डोळ्याला पदर लावला.

मग काय, दोघींची तोंडं थांबेनात. लडी या हातातून त्या हातात जायला लागल्या. पंचफुला नुसतीच घुटमळायची. सोमवार अजून यायचा होता, तिचा जीव काही भांड्यात पडेना.

सोमवारी साहेब बराच वेळ बघत राहिले. "आता जमतं का तुमचं?"

"जमते ना साहेब!" जिजाबाई मोठ्या कौतुकानं म्हणाली. "आता मधात कोनी लागत नाही."

साहेबांनी पंचफुलेकडे पाहिलं. "मग ही काय करते?"

जिजाबाईनं जीभ चावली. देवकीचे हात गठ्ठ्यावरच थांबले.

"उद्यापासून दोघी पुरेत," साहेब म्हणाले आणि पुढच्या टोळीकडे वळले.

दोघी जावा एकमेकींना धरून रडल्या. पंचफुलेला धरायला कोणी नव्हतं.