बिबवेवाडीच्या पार्किंगमधली बोट

बिबवेवाडीत समुद्र नाही, नदी नाही, आणि नळाचं पाणी दुसऱ्या मजल्यावर चढेलच अशी खात्री नाही. अशा ठिकाणी आमच्या ह्यांनी मोटारबोट आणली. टेम्पोतून, उलटी घालून, वरून दोरखंड आवळून. गेटवर वॉचमनने विचारलं, "पाण्याची टाकी का साहेब?" हे म्हणाले, "बोट आहे." तो बिचारा हसला आणि गेट उघडून मोकळा झाला. त्याला वाटलं, साहेबांनी गंमत केली. आमच्या रणजितरावांनी जन्मात कधी गंमत केलेली नाही, हे त्याला कोण सांगणार!

बोट का आणली ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. सोसायटीत तेच वाटत होतं म्हणा.

आमची एकुलती एक मुलगी चैताली. कॉम्प्युटर इंजिनियर, हिंजवडीला नोकरी. सकाळी कंपनीच्या बसने जायची ती आम्ही बातम्या बघून झोपायला निघालो की उगवायची. अमेरिकेत सकाळ झाली की हिच्या फोनवर दिवाळी. दोन हजार तीन साल. ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी अमेरिकेला निघालेलं, त्यात आमचंही निघालं. अशोक विजयादशमीला विहारातून येऊन आम्ही जेवायला बसलो, तेव्हा तिने सांगितलं की फेब्रुवारीत जायचं नक्की झालं. आणि वर हसत म्हणाली, "आता एकदम विमानात बसणार. आणि मी अजून साध्या होडीत बसलेली नाहीये. पप्पांची कृपा!"

आता ह्यांची कृपा काय ते ऐका. हे पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. दुसऱ्याने घाम गाळून केलेला माल हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा आणि त्यावर लाल खडूने फुली मारायची, हे ह्यांचं काम. मला बघायला आले तेव्हा रविवार होता, खडू कारखान्यात राहिला होता, म्हणून मी सुटले. सुट्टीत कुठल्याही तळ्याकाठी गेलो की चैताली होडीकडे धावायची. हे पुढे होऊन होडी ठोकून बघायचे, वाकून खालून बघायचे आणि जाहीर करायचे, "रिव्हेट ढिले आहेत. पोरीला ह्यात बसवायचं नाही." मग समजूत म्हणून कणीस. पुण्याच्या आसपास जेवढी तळी आहेत तेवढ्यांच्या काठावर माझ्या पोरीने कणीस खाल्लंय. होडीत एकदाही बसली नाही.

पुढे देशाची दारं उघडली आणि त्याच दारातून ह्यांना बाहेर काढलं. आपोआप तपासणारी मशिनं आली. ह्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आमची. हे घरी बसले, आणि तपासायला दुसरं काही नाही म्हणून माझ्या चपात्या तपासू लागले. "ही कडेला जाड आहे." "ही नीट फुगली नाही." मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा कल्ला ऐकून घरी यायचं आणि ताटात इन्स्पेक्शन! एकदा लाटणंच हातात दिलं, तेव्हा गप्प बसले.

त्यामुळे कुठल्याशा सरकारी खात्याच्या भंगारातून ही बोट उचलून आणली आणि "चैताली जायच्या आत हिला पाण्यावर फिरवणार" असं ह्यांनी घोषित केलं, तेव्हा वरवर मी खूप बडबड केली. आतून म्हटलं, चला, चपात्या सुटल्या.

बोट ॲल्युमिनियमची. जागोजागी पोचे, एका कुशीला पत्रा फाटलेला, आणि आधीच्या कुणी पुण्यवंताने सगळ्या फटींत डांबर थापलेलं. मागे इंजिन होतं, म्हणजे होतं म्हणायचं. ह्यांनी ते डांबर खरवडून काढलं, लाकडी हातोड्याने पोचे बसवले, फाटलं तिथे नवीन पत्रा लावला. माणूस इतका रमला होता की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. थोडं आनंदाने आणि बरंचसं हादऱ्याने. कारण शाळेतून आले की माझी ड्यूटी ठरलेली. बोटीच्या आत उकिडवं बसायचं आणि रिव्हेटच्या, म्हणजे दोन पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, मागे लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. हे बाहेरून हाणणार. दणका थेट माझ्या दाढेत.

एवढं करून रिव्हेट बसला की हे भिंग काढायचे. बघायचे. पुन्हा बघायचे. आणि फुली! स्वतः ठोकलेल्या रिव्हेटवर स्वतःच लाल फुली. दुसऱ्या दिवशी तो ड्रिलने काढायचा आणि नवा ठोकायचा. त्यावर पुन्हा फुली.

"अहो, आमच्या शाळेत पस्तीस मिळाले की पास," मी म्हटलं. "दोन कमी पडले तर ग्रेसचे देतो. पोरं कुठे कुठे साहेब होऊन बसलीत."

"ती पोरं पाण्यावर तरंगायची नाहीत," हे म्हणाले. काही माणसांशी बोलण्यात अर्थ नसतो.

आमच्या सोसायटीचे चेअरमन तात्याराव. त्यांना फळ्यावर सूचना लिहायचा इतका नाद की सूचना नसेल त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागत नाही. पहिल्याच आठवड्यात सूचना लागली: "पार्किंग दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी आहे. ज्या वाहनास चाकच नाही, त्याच्या मालकाने विचार करावा." ह्यांनी विचार केला आणि बोटीखाली जुन्या हातगाडीची चाकं लावली. तात्याराव दोन दिवस फळ्याकडे फिरकले नाहीत.

इंजिन पोपटकडे होतं. पोपटचं कोपऱ्यावर गॅरेज. स्कूटर, शेतावरचे पंप, जे येईल ते दुरुस्त करणार. इंजिन चालतंय का बघायला त्याने ते पार्किंगमधल्या निळ्या पिंपात पाणी भरून त्यात सोडलं आणि दोरी ओढली. इंजिन चाललं. इतकं चाललं की पिंपातलं सगळं पाणी तात्यारावांच्या नुकत्याच पुसलेल्या गाडीवर, आणि काही खुद्द तात्यारावांवर. पोपट म्हणाला, "साहेब, इंजिन झकास हाय. बोटीचं काय ते बघा."

बोटीचं काय, हेच तर! दर रविवारी चैताली उशिरा उठून कॉफीचा मग घेऊन खाली यायची, बोटीच्या अंगावरून हात फिरवायची आणि विचारायची, "पप्पा, ह्या संडेला?"

"पुढच्या."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. तिचा व्हिसा झाला, तिकीट झालं, बॅगा आल्या, लोणच्याच्या बरण्यांना मेण लागलं. बोटीवर फुल्याच फुल्या. जायच्या आधीचा शेवटचा रविवार समोर येऊन ठेपला.

शनिवारी ह्यांनी शेवटची तपासणी काढली. बोट ठोकळ्यांवर उचलायची, आत काठोकाठ पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे थेंब येतो ते बघायचं. सोसायटीच्या नळाला पाईप लावून बोट भरली. तासाभरात फळ्यावर सूचना: "बोटीत पाणी घालण्याची पद्धत नवीन आहे. इतरत्र पाण्यात बोट घालतात." खरं सांगते, तात्यारावांचं म्हणणं मला त्या दिवशी शंभर टक्के पटलं.

चैतालीने मुद्दाम सुट्टी घेतली होती. ती पायरीवर बसून बघत होती. हे बोटीभोवती फिरले, बसले, झोपले, टॉर्च मारला. खालच्या एका सांध्यातून थेंब आला. मोठा नाही, भाजी धुऊन चाळणीत ठेवल्यावर शेवटी शेवटी पडतो तसा. हे उठले, खिशातून खडू काढला आणि म्हणाले, "रिजेक्ट. उद्या जमणार नाही."

"ओके पप्पा. इट्स फाईन, रिअली," चैताली म्हणाली आणि वर निघून गेली. आदळआपट नाही, रुसणं नाही. लहानपणी कणीस हातात घेतल्यावर करायची तसा शहाणा चेहरा.

माझं डोकंच सटकलं. कोपऱ्यात फरशी पुसायचं फडकं होतं. बोटीतल्या पाण्यात बुचकळलं आणि एकेक फुली खसाखसा पुसायला घेतली.

"अगं, काय करतेस? त्या खुणा आहेत!"

"करते काय, निकाल लावते. ग्रेस देऊन सगळे पास!"

"गळतेय ती, पूर्णिमा. बुडाली तर?"

"बुडाली तर बरंच होईल की! पोरगी न्युमोनियाने आजारी पडेल आणि अमेरिका रद्द! तुम्हाला तेच तर हवंय!"

बोलून गेले. बोलायचं ठरवलं नव्हतं हो, फडक्याबरोबर आपसूक बाहेर आलं. आणि बोलल्यावर माझं मलाच कळलं की हे खरं आहे. चांगले बसलेले रिव्हेट हा माणूस महिनोन्‌महिने काढत होता ते उगाच नाही. बोट तयार झाली की पोरगी जायला मोकळी, असला काहीतरी हिशेब ह्यांच्या डोक्यात बसला होता. तिकडे तिकीट छापून तयार, आणि इकडे हे खडूने विमान अडवायला निघालेले!

हे पालथ्या बादलीवर बसले. मग खडूकडे बघत म्हणाले, "एकदा पास केलं की माल गेटबाहेर जातो. मग परत कधी दिसत नाही."

मी फडकं पिळलं आणि ह्यांच्या शेजारी खाली बसले. थोड्या वेळाने हे स्वतःच उठले आणि पोपटला टेम्पोचं विचारायला कोपऱ्यावर गेले.

रविवारी सकाळी अख्खी सोसायटी खाली. तात्याराव नारळ घेऊन हजर, कारण शुभकार्यात पुढे पुढे करायला चेअरमनच लागतो. ते बोटीच्या टोकावर नारळ आपटणार तेवढ्यात हे मध्ये पडले, "पत्र्याला पोचा येईल!" मी म्हटलं, "द्या इकडे, आमच्याकडे नारळ चटणीलाच फोडतात." चटणी पाठवली त्यांच्याकडे नंतर. मी काही तशी नाही.

पानशेतच्या अलीकडे पोपटच्या मेव्हण्याचं शेत आहे, धरणाच्या पाण्याला लागून. तिथे बोट उतरवली. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छातीएवढ्या पाण्यात गेल्यासारखा चेहरा करून घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि चैतालीला हात दिला. ती चढली. मग मला चढवलं आणि माझ्या हातात एक पत्र्याचा डबा दिला. म्हणाले, "पाणी आलं की उपसायचं." म्हणजे लग्नानंतरची सगळी वर्षं करतेय तेच.

पोपटने शिकवलं होतं तशी चैतालीने दोरी ओढली. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, आणि मग एकदम फडफडाट. बोट निघाली! तरंगली! माझी पोरगी जोरात ओरडली, "पप्पा, ही चालतेय!" केस तोंडावर, एक हात इंजिनाच्या दांड्यावर, आणि अशी हसत होती की कंपनीच्या त्या बसने इतक्या वर्षांत तिचं काय काय नेलं होतं ते मला त्या दिवशी दिसलं. हे पुढच्या फळीवर बसले होते, तिच्याकडे तोंड करून. पायाखालच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी येत होतं. ह्यांची नजर एकदाही तिकडे गेली नाही. मी बघत होते ना.

मध्यावर जाऊन तिने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. काठावरचा टेम्पो एवढासा दिसत होता.

"परत कधी येशील?" ह्यांनी विचारलं.

"दोन वर्षं फक्त, पप्पा. प्रोजेक्ट संपलं की येतेच."

आमच्या सोसायटीतल्या एकूण एक घरातलं पोर दोन वर्षांसाठी गेलंय. सगळ्यांचे फोन येतात, फोटो येतात, तिकडच्या घरांचे, तिकडच्या बाळांचे. माणूस आलेला मी तरी पाहिला नाही. हे काय ह्यांना माहीत नव्हतं? साध्या चपातीला "कशावरून भाजली?" म्हणून विचारणारा माणूस. आता विचारतील, कशावरून दोन वर्षं, कुणी सांगितलं, लेखी आहे का. मी डबा हातात धरून वाट बघत होते.

ह्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. तिनेही डोळे चुकवले नाहीत, पण इंजिनाची दोरी उगाच बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"बरं," हे म्हणाले. "दोन वर्षं म्हणजे काही फार नाही."

मला रडू फुटलं. तिला दिसू नये म्हणून मी खाली वाकले आणि डब्याने भराभरा पाणी उपसू लागले. पाणी तसं काही फार नव्हतं.