वाळवलेली लस आणि कालीबाईचं अंगण

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या नूतन मॅडमनी सीलबंद बाटल्यांचा डबा आमच्या पाड्यावरच्या कालीबाईच्या हातात दिला, तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "कोरडं ठेवा." मी ते तिच्या पावरी बोलीत सांगितलं. कालीबाईनं मान हलवली. कोरडं म्हणजे काय, हे तिला कोण शिकवणार?

मी रिबेका गावित, धडगावच्या वरच्या पाड्यांची नर्स. मूळची नवापूरची, पण घाट चढून-उतरून गुडघे इथलेच झालेत. आमच्या उपकेंद्रातला फ्रीज वीज गेली की डोळे मिटतो, आणि वीज जातेच. मग बर्फाचा डबा खांद्याला लावून मी आधी जीपनं, पुढं पायी. बर्फ वितळला की लेकरं घेऊन आलेल्या आयांना तसंच परत पाठवायचं. त्या लेकरू कडेवर घेतात आणि वाटेला लागतात. त्यापेक्षा शिव्या घातल्या तर परवडतील.

म्हणून ह्या आरएनएच्या लशीवर माझा जीव. आरएनए भारी नाजूक, ओलं असताना थंडीतून काढलं की संपलं. मॅडमच्या मंडळींनी ते साखरेत घालून, गोठवून वाळवलं होतं. अजून नुसती परीक्षाच, टोचायचं कुणालाच नव्हतं. उन्हाळाभर साध्या घरात टिकलं, तर पुढचं काम आमच्याच पाड्यावर होणार होतं.

एप्रिलात मॅडम बघायला आल्या. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, आणि फुलांच्या मधोमध आमच्या बाटल्या! आतल्या पांढऱ्या वडीचा पिवळा चिकट पाक झालेला.

"अगं बाई, हे काय केलंस?" मी किंचाळले.

"कोरडं ठेवलं," कालीबाई म्हणाली. "रोज सकाळी उन्हात, संध्याकाळी आत. एक दिवस चुकले नाही." वर शाबासकीची वाट बघत उभी.

मॅडम कपाळाला हात लावून खाटेवर बसल्या. "सावलीत ठेवा, असं सांगायचं सुचलंच नाही मला. औषध उन्हात कोण घालतं? नाही सिस्टर, इथं जमायचं नाही. आपण म्हसावदला ठेवू."

माझं डोकंच फिरलं. "म्हसावदला रस्ता आहे, फ्रीज आहे! तिथं काय लोणचं घालायचंय ह्या पावडरीचं?"

"काय म्हणते ती?" कालीबाईनं विचारलं.

"औषध उन्हानं मेलं म्हणते."

"माझी नातवंडं दिवसभर ह्याच उन्हात शेळ्यांमागं असतात. ती नाही मेली. त्यांच्याच अंगात घालणार ना हे? मग ह्यालाच कसं सोसवत नाही?"

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला, मुद्दाम जरा मोठ्यानं.

मॅडमना हसू आलं, मग गेलं. बाटली हातात फिरवत म्हणाल्या, "एवढं सोसणारं करायला वर्षं लागतील, सिस्टर."

"लागू द्या. पण इथंच करा," म्हणताना मेलं रडूच आलं मला.

मॅडमनी बॅगेतून दुसरा डबा काढला. सूचना द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. डबा कालीबाईच्या हातात ठेवून मला म्हणाल्या, "ह्यांना सांगा, त्यांच्या मनानं ठेवू देत. बिघडलं तर मी पुन्हा, आणखी सोसणारं करून आणते."