वरमाईचे पाय

पेणात राहायला गेल्यापासून चंद्रावतीला गाव लहान दिसायला लागलं, असं तिची मोठी जाऊ गिरजाबाई चारचौघींत सांगायची. पण त्या दुपारी हीच चंद्रावती हमरापूरला गिरजाबाईच्या ओटीवर आली, मोजे काढले आणि तळवे वर करून म्हणाली, "वयनी, यांचं काय तरी कर गो."

टाचांना करंगळी जाईल अशा भेगा, तळव्यांवर पांढरी टणक साल. तरुणपणी मिठागरात उभं राहून दोघींचे पाय असे झाले होते. गिरजाबाई ते उघडे टाकून हिंडायची. चंद्रावतीने मात्र नवऱ्याला डोलवीच्या कंपनीत ठेकेदारी मिळाल्यावर ते मोज्यांत घातले होते.

"आत्तापर्यंत याच पायांनी चाललीस ना?"

"परवा माझ्या हितेशचं लगीन. रोह्याच्या विहीणबाई माझे पाय धुणार, परातीत, सगळ्यांसमोर. व्हिडिओवाला पण हाय."

"मग धुऊ दे की."

"त्यांना मी सांगितलंय, आमची मिठागरं होती म्हणून."

गिरजाबाईने कपाळावर हात मारला. "होती व्हय! मालक गादीवर होता, आपण पाण्यात होतो. पेणात पार्लर नाय काय?"

"पार्लरवालीचं माहेर रोह्याचं. माझ्याआधी माझे पाय तिकडे पोचतील."

एवढी अक्कल हिला होती, हे गिरजाबाईने मनात तिच्या नावे जमा केलं. बाकी सगळं खर्चातच होतं.

चंद्रावतीने पिशवीतून मासिकाचं कापलेलं पान काढून वाचलं. पाय भिजवायला टब, घासायला दगड, नखांना कानस, कोपरे साफ करायला काडी, शाम्पू, लिंबू, ग्लिसरीन, गुलाबपाणी. गिरजाबाईला त्या मासिकातल्या बाईचीच कीव आली. एवढं सामान लागतं म्हणजे पाय तरी कसले असतील!

शाम्पूची पाकिटं आणि ग्लिसरीन चंद्रावतीने आणलं होतं. मेडिकलवाल्याने विचारलं तेव्हा "पाहुण्यांसाठी" म्हणाली होती. बाकीचं गिरजाबाईच्या गणपतीच्या कारखान्यातून निघालं. टब म्हणून माती कालवायचं घमेलं. कानशीऐवजी मूर्तीची नखं कोरायची कोरणी. आणि दगडाऐवजी पॉलिशपेपर, एक खरखरीत, एक बारीक.

"यात लिवलंय, आधी भिजवायचे, मग घासायचे," चंद्रावती म्हणाली.

"त्या बाईला काय कळतंय? ओल्या मूर्तीवर कागद चालवला की पापुद्रे सुटतात. आधी सुकं घासायचं, मग पाणी."

मासिकाच्या शब्दाबाहेर न जाणारी चंद्रावती इथे मात्र जावेच्या शब्दाबाहेर गेली नाही. गिरजाबाईने पाय मांडीवर घेतला आणि ज्या हाताने गणपतीचं पोट गुळगुळीत करायची, त्याच हाताने टाच घासायला घेतली. भुकटी उडाली. खालून लालसर कातडी दिसेपर्यंत ती थांबली नाही.

"आता पाणी. चमचाभर मीठ घाला म्हणतेय ही बाई," चंद्रावती पानात बघून म्हणाली.

"चमचाभर? मीठ काय औषध हाय?"

त्या दुपारी दोघी पहिल्यांदाच मिळून हसल्या. ज्या घरातल्या बायांनी मीठ फावड्याने ओढलं, तिथे चमचा कोण शोधणार? गिरजाबाईने ओंजळ भरून टाकली, आणि वर आणखी एक. चंद्रावतीने पाय बुडवले आणि अशी किंचाळली की शेजारीण धावत आली.

लग्नाच्या दिवशी पाय खरंच गुळगुळीत होते, आणि लालबुंद. चवड्यांवर तोल सावरत चंद्रावती रोह्याच्या हॉलमध्ये पायघड्यांवरून चालली. "काय ठसका आहे वरमाईचा!" कोणीतरी म्हणालं. गिरजाबाईने तोंडाला पदर लावला.

विहीण रोहिणीबाई परातीपुढे बसल्या. कुंकू लावलं, तांब्याभर पाणी ओतलं, आणि सगळा वेळ कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिल्या. पायांकडे नजर म्हणून गेली नाही. झालं, सुटली बया, असं गिरजाबाईला वाटलं. पण चंद्रावतीचा चेहरा पडला. एवढा खटाटोप केलेले पाय कोणी बघितलेच नाहीत!

"नीट आलं काय हो?" तिने व्हिडिओवाल्याला विचारलं. "नायतर परत घ्या."

परत घेतलं. या खेपेला रोहिणीबाईंनी हौसेने टाच चोळली. चंद्रावती कळवळली, रोहिणीबाईंनी खाली बघितलं.

"अगोबाई! हे काय झालं पायांना?"

चंद्रावतीने जावेकडे बघितलं. मीठ म्हटलं असतं तर भेगा निघाल्या असत्या, भेगांवरून मिठागरातली मजुरी, आणि चंद्रावतीची सारी मालकी तिथेच परातीत विरघळली असती. गिरजाबाईच्या जिभेवर ते आलंही होतं. पण मिठागरात दोघी एकाच रांगेत होत्या, आणि कागद कोणाच्या हाताने चालला हेही मागोमाग निघालं असतं.

"दूध उतू गेलं हो," गिरजाबाई म्हणाली. "लेकाच्या लग्नाची घाई."

मग काय विचारता! गादीची खुर्ची आली, टेबलफॅन आला, अर्धा रोहा बघायला आला. भाजल्या पायांनी आली माउली, म्हणून एका म्हातारीने डोळे पुसले. रोहिणीबाईंनी मलमाची ट्यूब गिरजाबाईच्या हातात दिली. "तुम्ही घरच्याच ना? लावा बघू."

गिरजाबाई जमिनीवर उकिडवी बसली.

"हळू गो, वयनी."

"गप. हसतेस काय? भाजल्यासारखं तोंड कर."

व्हिडिओवाला दिवा घेऊन परत आला तशी चंद्रावतीने तोंड वाकडं केलं, पदर सारखा केला आणि दुसरा पाय पुढे सरकवला.