टॅल्बोचा गुडघा

वेंडेल प्रुशाकला आयुष्यात कोणी काही फुकट दिलं नव्हतं, आणि दिलं असतं तर त्यानं ते आधी उलटं करून बुडाशी काय लिहिलंय ते वाचलं असतं. त्यामुळे मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी, डोलोरेसच्या बारच्या मागच्या खोलीत, लोनी बार्टोनं मिरच्यांच्या लोणच्याची बरणी त्याच्याकडे सरकवत म्हटलं, "वेंडी, माझा टॅल्बो घेऊन टाक. बदल्यात तुझा तो राखीव कॅचर दे," तेव्हा वेंडेलच्या मनात जी पाल चुकचुकली ती गप्पच बसेना.

रूबेन टॅल्बोच्या बदल्यात राखीव कॅचर! सोन्याच्या अंगठीला चिंचोका मागावा तसा हा सौदा. मागणारा वेडा तरी असतो, नाहीतर अंगठी पितळेची असते. आणि लोनी वेडा नव्हता, हे वेंडेलला चाळीस वर्षांच्या ओळखीनं ठाऊक होतं.

टोलेडोच्या काच कारखान्यातून निवृत्त झालेले सात जण आणि बारची मालकीण डोलोरेस हायड्यूक, अशा आठ जणांचा हा खेळ चोवीस वर्षं चालला होता. बेसबॉलचे खेळाडू खरे, संघ कागदावरचे. प्रत्येकानं मागच्या वर्षीचे दोन खेळाडू राखायचे, उरलेले मार्चअखेर पाळीपाळीनं निवडायचे, आणि मग उन्हाळाभर खऱ्या मैदानांवर त्या खेळाडूंनी जे होमरन मारले, ज्या धावा आणल्या, त्या ज्याच्या त्याच्या नावावर मांडायच्या. बक्षीस काहीच नाही. शिक्षा मात्र होती. सलग दोन वर्षं जो तळाला राहील त्याची खुर्ची गेली, आणि ती वाट पाहणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला मिळाली. यादीत सहा वर्षांपासून एल्सवर्थ पाइक नावाचा दातांचा डॉक्टर ताटकळत होता.

गेल्या वर्षी तळाला वेंडेल होता.

लोकांना वाटेल, खेळच तर आहे, गेली खुर्ची तर गेली. लोकांचं काय जातं! वेंडेलच्या आठवड्यात एकच दिवस होता, गुरुवार. बाकीचे सहा दिवस त्याच्या घरात बोलणारा एकटा रेडिओ. त्या खोलीत त्याला 'वेंडी' म्हणून हाका मारत, त्याच्या संघाला हसत, त्याच्या ताटातलं सॉसेज न विचारता उचलत. ती खुर्ची गेली तर आपण नुसते जिवंत राहू, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

म्हणून तो घरी आला आणि टॅल्बोला सोलायला बसला. स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन मासिकं पसरली. तिन्ही मासिकांत एकच रड होती की टॅल्बो सदतीस वर्षांचा झाला, आउटफिल्डर म्हणजे पळण्याचं काम, पाय गेले, हात लावू नका. मासिकवाल्यांचं वेंडेलनं कधीच ऐकलं नव्हतं. त्यानं स्वतःची वही काढली. गेल्या वर्षी चोवीस होमरन. त्यातले अकरा शेवटच्या दोन महिन्यांत, म्हणजे दम संपलेला नाही. बॅट फिरवण्याचा वेग केसभर कमी झालेला, पण वाईट बॉल सोडून देण्याची अक्कल वाढलेली. पळून बेस चोरणं शून्य, ते तसं तीन वर्षांपासूनच शून्य. नव्या संघाच्या मैदानाची डावी भिंत जवळ, आणि म्हातारा सगळे फटके डावीकडेच मारणार. वेंडेलनं हात आखडता घेऊन हिशेब मांडला तरी वीस होमरन आणि पंचाहत्तर धावा कुठे जात नव्हत्या.

म्हणजे अंगठी सोन्याचीच होती. आता तर त्याचा संशय दुप्पट झाला.

टॅल्बो पोरसवदा असताना टोलेडोच्याच शिकाऊ संघात खेळायचा. तेव्हापासून लोनीनं त्याला जिवापाड जपलं होतं. सोळा वर्षांत लोनीनं तो कोणाला दिला नाही, मागणाऱ्याला उभं केलं नाही. आणि आता देतोय? शिवाय फेब्रुवारीत हाच लोनी सुनेकडे ॲरिझोनाला गेला होता, आणि टॅल्बोचा सराव तिथून अर्ध्या तासावर चालतो. गेला असेल. कुंपणाला नाक लावून उभा राहिला असेल. काहीतरी पाहिलं असेल. काय पाहिलं असेल? गुडघा! सदतीसाव्या वर्षी दुसरं काय मोडतं?

वेंडेलनं फोन करून आडून आडून विचारलं. लोनी म्हणाला, सराव पाहिला ना, पोरासारखा पळत होता, गुडघा ठणठणीत आहे. गुडघ्याचं नाव वेंडेलनं काढलंही नव्हतं. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही.

आणि पूर्वीचा डाग होताच. पंधरा वर्षांपूर्वी याच लोनीनं हसत हसत एक पिचर त्याच्या गळ्यात मारला होता, आणि आठ दिवसांत त्या पिचरचा खांदा कामातून गेला. लोनीच्या भाच्यानं त्याला ते आधीच सांगितलं होतं म्हणे. सगळी खोली आठवडाभर हसत होती, वेंडेलही हसला होता. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि वेंडेल तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला होता.

सोमवारी तो डोलोरेसकडे गेला. खेळाची वही तिच्याकडे असे. ती ग्लास पुसत होती. त्यानं सांगितलं, मला टॅल्बोच्या सौद्याची तपासणी हवी.

तपासणी म्हणजे सौदा सगळ्यांसमोर मांडायचा, आणि देणाऱ्यानं काचेच्या वाडग्यावर हात ठेवून का देतोय ते सांगायचं. तो वाडगा कारखान्याच्या शेवटच्या भट्टीतून निघालेला, आणि त्यावर हात ठेवून चोवीस वर्षांत कोणी खोटं बोललं नव्हतं. दोघांनी संगनमत केलं असा संशय आला की तिसरा माणूस तपासणी मागायचा. स्वतःच्याच सौद्याची तपासणी आजवर कोणी मागितली नव्हती, कारण एवढा शहाणा त्या खोलीत दुसरा नव्हता.

डोलोरेसनं ग्लास खाली ठेवला. "वेंडेल, सौदा पटत नसेल तर नको म्हण. विषय संपला. तपासणी कशाला?"

तो म्हणाला, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

"सगळं ऐकण्यासारखं नसतं," ती म्हणाली. "एकदा वहीत लिहिलं की मला खोडता येत नाही. पुन्हा विचार कर."

हिलाही माहीत आहे तर, वेंडेलला वाटलं. सगळे मिळालेले आहेत. त्यानं विचार केला नाही. तिनं निमूटपणे वहीत लिहिलं.

गुरुवारी आठही जण बसले. सॉसेज आलं, पण कोणी हात लावला नाही. डोलोरेसनं वाडगा लोनीसमोर ठेवला आणि वहीतला जुना नियम वाचून दाखवला, कारण तपासणीआधी तो वाचावाच लागतो. सौद्यात लबाडी निघाली तर तो खेळाचा भाग, सौदा रद्द, कोणाला शिक्षा नाही. पण पुरेशा मोबदल्याविना, दुसऱ्याला वर काढण्यासाठी खेळाडू दिल्याचं निघालं तर देणाऱ्याची खुर्ची त्याच दिवशी जाते. दोन भावांनी एकदा आपले संघ आतून एक केले होते, तेव्हापासूनचा हा नियम. वेंडेलनं तो वीस वेळा ऐकला होता. आज त्याच्या कानांत तो पहिल्यांदाच शिरला.

त्यानं लोनीकडे पाहिलं. लोनी त्याच्याकडे पाहत नव्हता. तो वाडग्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडी सापडल्याची लाज नव्हती. नुसता थकवा होता.

अंगठी सोन्याची होती आणि मागणाराही वेडा नव्हता. तिसरंही कारण असू शकतं, हे वेंडेलच्या डोक्यात आठ दिवसांत एकदाही आलं नव्हतं.

"मी तपासणी मागे घेतो," तो म्हणाला.

डोलोरेसनं मान हलवली. लिहिलेलं मागे घेता येत नव्हतं. लोनीनं वाडग्यावर हात ठेवला.

वेंडेल पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. "लोनी, गुडघा म्हण. गुडघा गेलाय म्हण ना रे. मला फसवत होतास म्हण."

आठ दिवस ज्याला खरं बोलायला लावण्यासाठी वेंडेल जंग जंग पछाडत होता, त्याच्याकडे आता तो खोट्याची भीक मागत होता.

"गुडघा ठणठणीत आहे," लोनी म्हणाला. "मी दोन दिवस पाहिलाय. तू पुन्हा तळाला गेलास तर तुझी खुर्ची जाईल, म्हणून देत होतो. त्या खांदा गेलेल्या पिचरचं मला पंधरा वर्षं खुपतंय, वेंडी. तुला दुसऱ्यांदा नाही फसवायचं, खोटंखोटंसुद्धा नाही."

मग तो उठला. कोटाची बाही त्याला पटकन सापडेना, तर डोलोरेसनं धरली. जाताना त्यानं सवयीनं वेंडेलच्या ताटातला सॉसेजचा एक तुकडा उचलला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला. वेंडेलला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

शनिवारी दुपारी निवड होती. लोनीच्या खुर्चीवर डॉक्टर पाइक बसला होता, नवा सदरा घालून, चार रंगांच्या पेन्सिली मांडून. आयत्या बिळावर नागोबा. पण त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष! टॅल्बो नियमाप्रमाणे पुन्हा सगळ्यांसाठी खुला झाला होता. कोणी त्याचं नाव विसाव्या फेरीआधी घेणार नव्हतं.

तळाचा म्हणून पहिली पाळी वेंडेलची. सगळ्या देशातल्या खेळाडूंमधून पहिला उचलायचा मान. बावीस वर्षांचा एक पोरगा होता, ज्याच्याबद्दल तिन्ही मासिकं वेडी झाली होती, आणि डोलोरेसनं वेंडेलच्या रकान्यात त्याचं नाव लिहायला पेन टेकवलंही होतं.

"रूबेन टॅल्बो," वेंडेल म्हणाला.

टेबलाभोवती एकदम कागदांची सळसळ सुरू झाली. पहिल्याच पाळीला सदतीस वर्षांचा म्हातारा? या वेंडीला, या ताकसुद्धा फुंकून पिणाऱ्याला, नक्की काहीतरी आतून कळलंय. पाणी कुठेतरी मुरतंय. समोरच्यानं आपली यादी हातानं झाकली. एकट्या डोलोरेसनं काही न विचारता नाव लिहिलं.

डॉक्टर पाइक कानाशी आला. "बाकी कोणाला सांगणार नाही मी. त्याच्या गुडघ्याबद्दल काही ऐकलंय का तुम्ही?"

"ठणठणीत आहे," वेंडेल म्हणाला. "ज्यानं सांगितलं त्यानं शपथेवर सांगितलंय."

डॉक्टरनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, लाल पेन्सिल उचलली, आणि आपल्या कागदावर टॅल्बोच्या नावापुढे एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं.