ताईंचा उजवा खांदा

मित्रांनो, जिन्याखाली मोडक्या खुर्चीला खेटून उभा आहे तो मालिशचा जुना बाक म्हणजे मी. एका सुताराने मला जाड लाकडातून घडवलं, वर गुबगुबीत गादी ठोकली आणि मालिश करणाऱ्या ताईंच्या खोलीत आणून ठेवलं.

ताईंच्या हाताला गुण होता. कण्हत आलेली माणसं माझ्यावर आडवी व्हायची आणि हसत उठायची. त्यांनी ताईंचं कौतुक केलं की मलाही मूठभर मांस चढायचं.

एकदा एक फरशी बसवणारा आला. सतत गुडघे टेकून त्याच्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज आली होती. ती दाबून जिरवा, असा त्याचा हट्ट. ताईंनी तिथे बोटही लावलं नाही. हाडावर घासू नये म्हणून पाण्याची इवलीशी पिशवी असते, तीच सुजलीय, दाबली तर आणखी भडकेल, असं समजावलं. आधी त्याला डॉक्टरांकडे धाडलं. मग बर्फ आणि विश्रांती. सूज उतरल्यावर मांडीचे स्नायू हलक्या हाताने सैल केले. तो बरा झाला.

तोवर ताईंचाच खांदा धरला होता. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पाठीवर भार टाकून तिथली तशीच पिशवी सुजली होती. हात उचलताना त्यांचा श्वास अडकायचा. माझ्यावर पालथं पडलेल्यांना ते कुठून दिसणार? ती माणसं म्हणायची, "आणखी जोर लावा." ताई लावायच्या. धाकटी बहीण काम थांबवण्याची विनवणी करायची, पण ताईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच हातांवर.

एका दुपारी फळीवरची तेलाची बाटली घेताना हात अर्ध्यावरच थांबला. आतला स्नायू फाटलाय, फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. उपचार झाले, तरी हात खांद्याच्या वर गेलाच नाही. खोली सोडावी लागली.

शेवटच्या दिवशी ताई माझ्यावर बसल्या होत्या. हात डोक्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून बहीण त्यांची वेणी घालत होती.

"फरशीवाल्याने माझं ऐकलं गं," ताई म्हणाल्या. "मी तुझं नाही ऐकलं."

 बहिणीने घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली.

मित्रांनो, तुमचं दुखणं चोळून काढणाऱ्या माणसाला त्याचं काही दुखतंय का, हे विचारत जा. मी पडलो लाकूड. माझ्यावर झोपून गेलेल्या सगळ्यांना तोंड होतं.